वेगाचं वेड : सेमूर क्रे

प्रत्येक इंजिनिअरिंग हॉस्टेलमध्ये एक वाद कायम चालू असतो. जुने कॉम्प्युटर फास्ट की नवे? आमच्या मजल्यावर एकीकडे दादाकडून वारशाने आलेला जुना डेस्कटॉप आहे. त्यावर एक एडिटर आणि एक सी कंपायलर, बाकी काही नाही. तिचा प्रोग्रॅम रन होऊन आउटपुट येतं तेव्हा शेजारच्या खोलीतला नवाकोरा लॅपटॉप अजून अपडेट्स घेत गोल गोल फिरत असतो. मग नवा लॅपटॉपवाली गिगाहर्ट्झ मोजून दाखवते, जुनावाली हातातलं घड्याळ दाखवते, आणि सबमिशन तसंच राहतं.

मॅगझिनसाठी लेख हवाय म्हटल्यावर मी ठरवलं की या वादाचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा. पण शोधता शोधता एक माणूस असा सापडला की वाद बाजूला राहिला आणि मी त्याच्याच मागे लागले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला थोरामोठ्यांची चरित्रं सांगायचे. त्यात संत असायचे, राष्ट्रपुरुष असायचे, फार तर एडिसन. सेमूर क्रे हे नाव कधीच आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. जगातला सर्वात फास्ट कॉम्प्युटर बनवायचा, तो बनला की टाकून द्यायचा आणि पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची, एवढं एकच काम या माणसाने जन्मभर केलं.

क्रे यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, चिपेवा फॉल्स नावाच्या छोट्या गावात. वडील सिव्हिल इंजिनिअर. मुलाची आवड बघून त्यांनी घराचं तळघरच त्याला लॅब म्हणून देऊन टाकलं. (आपल्याकडे एक कपाट मिळालं तरी नशीब!) दहा वर्षांच्या सेमूरने तिथे मेकॅनोसारख्या खेळण्याच्या भागांपासून भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून मोर्स कोड तयार करणारं यंत्र बनवलं. १९४३ मध्ये शाळा संपली आणि लगेच सैन्यातून बोलावणं आलं. युरोपात रेडिओ ऑपरेटर म्हणून काम केलं, मग फिलिपाइन्सला जपानी सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर. युद्ध संपल्यावर मिनेसोटा युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकलची डिग्री आणि १९५१ मध्ये ॲप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये मास्टर्स. आता तुमच्या लक्षात आलं असेल, एम-थ्री, एम-फोर ला शिव्या घालून चालत नाही.

पहिली नोकरी सेंट पॉल शहरातल्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत. ही कंपनी मोठ्या कंपनीने गिळली, ती आणखी मोठ्या कंपनीत गेली, आणि मीटिंगा वाढल्या. तेव्हा विल्यम नॉरिस आणि काही जण बाहेर पडले आणि १९५७ मध्ये त्यांनी कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी काढली. क्रे तिथे गेले. १९६० मध्ये त्यांचं सीडीसी १६०४ आलं, व्हॅक्यूम ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारं. त्याच सुमारास त्यांनी १६० नावाचं एक छोटं मशीन केलं, टेबलाएवढं. इथे आपली मुंबई येते बरं का! १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये सीडीसी ३६००-१६०ए ही सिस्टिम बसवली गेली. त्यातलं १६०ए म्हणजे क्रे यांच्या १६० ची सुधारित आवृत्ती. म्हणजे या माणसाच्या डोक्यातून निघालेलं यंत्र साठ वर्षांपूर्वी मुंबईत समुद्राच्या काठावर चालत होतं.

क्रे यांना ऑफिस, मॅनेजर आणि फोन या तिन्हींचा कंटाळा. म्हणून १९६२ मध्ये त्यांनी कंपनीला गळ घालून आपली लॅब थेट चिपेवा फॉल्सला, आपल्या गावी नेली. तिथे मूठभर माणसं घेऊन ते आणि जिम थॉर्नटन यांनी सीडीसी ६६०० बनवला. १९६४ मध्ये हे मशीन जगापुढे आलं तेव्हा आधीच्या सर्वात फास्ट मशीनच्या, म्हणजे आयबीएमच्या स्ट्रेचच्या, जवळजवळ तिप्पट वेगाने ते चालत होतं. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर इतके चिडले की त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना एक मेमो पाठवला. त्यात त्यांनी विचारलं होतं की तिकडे झाडूवाल्यासकट चौतीस माणसं आहेत आणि आपल्याकडे एवढी फौज, तरी पहिला नंबर आपण कसा घालवला. या मेमोवर क्रे यांचं मत असं होतं की वॉटसननी विचारलेल्या प्रश्नातच उत्तर आहे. म्हणजे माणसं कमी होती म्हणूनच जमलं!

६६०० मधली मला सर्वात आवडलेली गोष्ट सांगते, कारण आपल्या वादाशी तिचा संबंध आहे. क्रे यांनी मुख्य प्रोसेसरला फक्त गणितं करायला ठेवलं. प्रिंटर, टेप, कार्ड रीडर अशी हमाली करायला दहा छोटे वेगळे प्रोसेसर दिले. मुख्य प्रोसेसरमध्येही बेरीज, गुणाकार, भागाकार यांची दहा वेगवेगळी युनिट्स, जी एकाच वेळी काम करू शकतात. मेसमध्ये एकच काका पोळी लाटतात, भाजी वाढतात, कुपनं पण घेतात तेव्हा लाइन कुठपर्यंत जाते ते आपल्याला माहीतच आहे. आज आपला प्रोसेसर एकीकडे प्रोग्रॅम चालवतो आणि दुसरीकडे अँटिव्हायरस, अपडेट आणि वीस उघड्या टॅब सांभाळतो. जुना डेस्कटॉप बाजी मारतो तो इथे. त्याचा प्रोसेसर हळूच आहे, पण त्याच्या मागे कामं कमी आहेत. निकलाउस विर्थ, पास्कल भाषेचे जनक, यांनी १९९५ मध्ये एक लेख लिहून हीच तक्रार केली होती, की हार्डवेअर जितक्या वेगाने फास्ट होतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर स्लो होतं.

पण थांबा. एवढ्यावर जुनावाली जिंकली असं समजू नका.

१९६९ मध्ये क्रे यांनी ७६०० काढला. क्लॉक सायकल साडेसत्तावीस नॅनोसेकंद. पुन्हा जगात पहिला. त्यानंतरचा ८६०० मात्र जमेना. सर्किट्स इतकी दाटीने बसवली होती की मशीन नीट चालायचंच नाही. क्रे यांना ते पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, पण सीडीसीकडे त्याच वेळी स्टार-१०० नावाचं दुसरं मोठं मशीन चालू होतं आणि दोन्हींना पुरेल एवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये क्रे यांनी सीडीसी सोडली आणि क्रे रिसर्च ही स्वतःची कंपनी सुरू केली. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. नॉरिस यांच्या सीडीसीने उलट नव्या कंपनीत पैसेसुद्धा घातले.

आता तो स्टार-१००. हे मशीन १९७४ मध्ये आलं आणि ते व्हेक्टर मशीन होतं. म्हणजे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये आकड्यांच्या लांबच लांब रांगेवर एकच क्रिया करायची. कागदावर त्याचा वेग सेकंदाला दहा कोटी गणितांचा. पाच वर्षं जुन्या ७६०० च्या कितीतरी पुढे. आणि प्रत्यक्षात? बऱ्याच नेहमीच्या प्रोग्रॅम्सवर या नव्या मशीनची दमछाक व्हायची आणि जुना ७६०० बरा वाटायचा!

असं का झालं ते बघायला आपण आपलेच आकडे घेऊ. समजा जुन्या मशीनवर एका कामाला १०० मिनिटं लागतात. त्यातली ३० मिनिटं अशी की ती व्हेक्टरमध्ये बसतात आणि नव्या मशीनवर दहापट फास्ट होतात. म्हणजे ३ मिनिटं. वा! उरलेली ७० मिनिटं साधी, एकेक आकड्याची कामं. नवं मशीन साध्या कामात जुन्याच्या निम्म्या वेगाचं असेल तर त्याला १४० मिनिटं लागतील. बेरीज १४३. दहापट फास्ट मशीन घेतलं आणि काम ४३ मिनिटं उशिरा झालं! जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार हाच. कामाचा जो भाग फास्ट होत नाही तोच शेवटी तुम्हाला अडवतो. स्टार-१०० ची क्लॉक सायकल ४० नॅनोसेकंद होती, म्हणजे ७६०० पेक्षा मुळातच मंद. शिवाय प्रत्येक व्हेक्टर थेट मेमरीतून यायचा आणि मेमरीतच परत जायचा, त्यामुळे रांग सुरू व्हायलाच वेळ लागे. रांग छोटी असली तर सगळा वेळ तयारीतच जायचा. दोन मिनिटांच्या भाषणासाठी वीस मिनिटं स्वागत आणि हारतुरे, तसं.

क्रे यांनी हे सगळं बाहेरून पाहिलं. आणि आपल्या नव्या मशीनमध्ये त्यांनी आधी साधी कामं फास्ट केली, मगच व्हेक्टर. मेमरीत खेपा नकोत म्हणून प्रोसेसरच्या आतच आठ व्हेक्टर रजिस्टर ठेवले, प्रत्येकात ६४ आकडे. एकदा आत आणलं की तिथल्या तिथे हवी तेवढी गणितं. हाच क्रे-१, १९७६ सालचा.

क्रे-१ चा फोटो तुम्ही पाहिला असेलच. इंग्रजी सी अक्षरासारखं उभं कपाट आणि त्याच्याभोवती गोल बाक, एखाद्या हॉटेलच्या लॉबीत ठेवल्यासारखा. बाक बसण्यासाठी नाही, त्याच्या पोटात पॉवर सप्लाय आहेत. आणि सी आकार सुंदर दिसावा म्हणूनही नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तारेतला सिग्नल त्याहून कमी. क्रे-१ ची क्लॉक सायकल साडेबारा नॅनोसेकंद, म्हणजे ८० मेगाहर्ट्झ. तार लांब झाली तर सिग्नल पोचेपर्यंत सायकल संपायची. म्हणून कपाट वाकवलं, की आतल्या बाजूने कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब होऊ नये. साधारण ६० मैल तार, सगळी हाताने जोडलेली. आयसी फक्त चार प्रकारचे. वजन पाच टन, वीज सुमारे ११५ किलोवॅट (आमच्या हॉस्टेलचा मेन फ्यूज मनात आला). उष्णता काढायला जुन्या फ्रिजमध्ये असायचा तसा फ्रिऑन वायू. डिझाइन? पेन्सिल आणि चौकटींची वही. आपल्या ड्रॉइंगच्या सरांना हे कळू देऊ नका, नाहीतर कॅड बंद होईल.

पहिलं मशीन लॉस अलामॉसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेला सहा महिने फुकट वापरायला दिलं. त्याच्याबरोबर सॉफ्टवेअर असं जवळजवळ काहीच नव्हतं. घ्या आणि तुमचं तुम्ही लिहा! त्या पहिल्या मशीनच्या मेमरीत चुका व्हायच्या, त्या नुसत्या कळायच्या, दुरुस्त व्हायच्या नाहीत. पुढच्या मशीनमध्ये चुका आपोआप दुरुस्त करणारी सर्किट्स घालावी लागली. त्यामुळे मेमरी किंचित मंद झाली, पण उत्तर बरोबर यायला लागलं. वेगासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला ही तडजोड कशी वाटली असेल, असा मी विचार करत होते. केली मात्र त्यांनी. १९७७ मध्ये हवामान संशोधनाच्या एनसीएआर या संस्थेने रीतसर मशीन विकत घेतलं आणि पुढे ऐंशीच्या वर क्रे-१ विकली गेली. कंपनीचा अंदाज डझनभराचा होता.

आता आपल्या वादाचा खरा निकाल. क्रे-१ चा सर्वोच्च वेग सेकंदाला १६ कोटी गणितं. तुमच्या खिशातल्या मोबाइलचा वेग त्याच्या शेकडो पट. तर मग नवंच फास्ट, विषय संपला? पण एक दुसरा आकडा बघा. क्रे-१ ला मेमरीतून एक आकडा आणायला ११ सायकल लागायच्या, म्हणजे सुमारे १३७ नॅनोसेकंद. आजच्या लॅपटॉपला मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. जवळजवळ पन्नास वर्षं गेली आणि फरक एवढाच! प्रोसेसर विमान झाला, पण गोडाऊन तिथेच राहिलं. क्रे-१ चा प्रोसेसर एका आकड्यासाठी ११ टिक थांबायचा, आजचा तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तीनशे टिक थांबतो. म्हणून तर कॅश हवी. आणि गंमत अशी की क्रे-१ ची अख्खी मेमरी ८ मेगाबाइट, म्हणजे आजच्या चांगल्या लॅपटॉपच्या कॅशएवढी. म्हणजे क्रे यांच्या काळातला प्रोग्रॅम आज चालवला तर तो कॅशमध्येच मावेल आणि भन्नाट पळेल. आजचे प्रोग्रॅम मावत नाहीत, म्हणून रखडतात. नवं मशीन स्लो नाही, पण त्याला सतत ताटकळत ठेवलं जातं. माझं मत विचाराल तर आमच्या मजल्यावरच्या दोघीही बरोबर आहेत, फक्त एक प्रोसेसर मोजते आणि दुसरी वाट बघणं मोजते.

क्रे यांनासुद्धा हा गोडाऊनचा फटका बसला. १९८५ मध्ये क्रे-२ आला. क्लॉक सायकल ४.१ नॅनोसेकंद, चार प्रोसेसर, तब्बल दोन गिगाबाइट मेमरी, सगळी सर्किट्स फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली. दिसायला एकदम काचेचा ॲक्वेरियम. पण मेमरी मोठी तशी लांब आणि मंद. त्यांच्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांनी १९८२ मध्ये एक्स-एमपी केला होता, क्रे-१ चाच सुधारलेला भाऊ, आणि बऱ्याच प्रोग्रॅम्सवर हा थोरला एक्स-एमपी क्रे-२ ला टक्कर द्यायचा, कधी मागेही टाकायचा. ॲपल कंपनीनेही १९८६ मध्ये एक एक्स-एमपी घेतला. इकडे क्रे स्वतः आपल्या पुढच्या मशीनच्या कामाला ॲपलचा मॅकिंटॉश वापरत होते.

याच एक्स-एमपीचा भारताशी संबंध आहे. ऐंशीच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडे सुपरकॉम्प्युटर मागितला. खूप घासाघीस, अटी, शंका यांनंतर एक एक्स-एमपी दिल्लीसाठी मंजूर झाला, पण त्याहून मोठं मशीन देणार नाही असं स्पष्ट झालं. मग मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तो क्रे यांच्या मशीनसारखा अजिबात नव्हता. एक राक्षस बनवण्याऐवजी ट्रान्सप्यूटर नावाचे बरेच छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. क्रे यांचा या पद्धतीवर विश्वास नव्हता. कमी पण ताकदवान प्रोसेसर, हा त्यांचा हट्ट. जग मात्र पुण्याच्या बाजूने चाललं होतं.

१९८९ मध्ये क्रे पुन्हा एकदा वेगळे झाले. आता वय ६४. कोलोराडो स्प्रिंग्जला क्रे कॉम्प्युटर कॉर्पोरेशन काढली आणि क्रे-३ हातात घेतला. सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या चिप्स, कारण त्यात सिग्नल जास्त पळतो. सायकल दोन नॅनोसेकंद. या चिप्स बनवणं, जोडणं, थंड ठेवणं, सगळंच महाकठीण. शीतयुद्ध संपलं होतं, सरकारी प्रयोगशाळांचे खिसे आवळले होते. १९९१ च्या अखेरीस पहिलंच गिऱ्हाईक, लिव्हरमोर लॅब, मागे फिरलं. १९९३ मध्ये एकच क्रे-३ एनसीएआरमध्ये बसला, आणि मार्च १९९५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. क्रे-४ अर्धवट राहिला.

या माणसाबद्दल एक गोष्ट राहिली. चिपेवा फॉल्सच्या घराखाली ते फावल्या वेळात भुयार खणायचे. मशीनमध्ये अडलं की खणायला जायचे, आणि उत्तरं तिथे सुचतात असं लोकांना सांगायचे. आपल्याकडे व्हायवाच्या आदल्या रात्री लोक टेरेसवर जातात, तसंच काहीसं.

दिवाळं निघाल्यावर सत्तराव्या वर्षी कोणीही रिटायर झालं असतं. क्रे यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये आणखी एक कंपनी सुरू केली, एसआरसी. आणि या वेळी त्यांनी जन्मभराचा हट्ट सोडला. बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर भरपूर संख्येने जोडायचे, आणि खरा जोर लावायचा तो प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या वाटेवर. म्हणजे गोडाऊनच्या रस्त्यावर! पण २२ सप्टेंबर १९९६ ला कोलोराडो स्प्रिंग्जजवळ हायवेवर त्यांच्या जीपला अपघात झाला. दोन आठवडे ते हॉस्पिटलमध्ये होते. ५ ऑक्टोबरला गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात हजारांवर साधे पेंटियम प्रो जोडलेल्या आस्की रेड या मशीनने सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला.